सेवा, शाल आणि मुतारी: १९०५ सालापासूनची एक गोष्ट

जुलै लागला की तालुक्याच्या गावातल्या पत्रकाराकडे एकाच साच्यातल्या बातम्या यायला लागतात. ‘क्लबचा पदग्रहण सोहळा उत्साहात.’ फोटोत कोट घातलेले पंधरा जण, मधोमध नवा अध्यक्ष, गळ्यात ती चकचकीत कॉलर, शेजारी मावळता अध्यक्ष, हातात शाल-श्रीफळ. खाली नावांची यादी. यादीत एक नाव राहिलं तर संध्याकाळपर्यंत तीन फोन. रोटरी काय किंवा लायन्स काय, या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्यामुळे पेरणीची बातमी आणि पदग्रहणाची बातमी एकाच पानावर शेजारी शेजारी छापली जाते.

वीसेक वर्षं मी या बातम्या छापतोय. परवा असाच एक फोटो पोस्ट केला, तर एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका पोराचा इनबॉक्समध्ये मेसेज आला. “दादा, मला क्लबात घेतो म्हणताहेत. जाऊ का? का नुसतं फोटोपुरतंच असतं?”

दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा. नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण शेवटचा बाजाराचा भाग तेवढा वाचाच, कारण तो आपल्या गावाचा आहे.

आधी माझा कबुलीजबाब. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी गावातल्या क्लबावर एक खवचट लेख लिहिला होता. सरकारी दवाखान्यात फळवाटप झालं होतं. एका पेशंटला दोन केळी देताना नऊ हात केळ्याला लागलेले होते, आणि मी ते हात मोजून लिहिले होते. लेख खूप गाजला. क्लबात मात्र वर्षभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. लेखातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण ते अर्धंच होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

साल १९०५. तारीख २३ फेब्रुवारी. अमेरिकेतल्या शिकागो शहरात चार माणसं एका ऑफिसात जमली. पॉल हॅरिस हा वकील, बाकी तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपी. हॅरिस लहान गावात वाढलेला. मोठ्या शहरात धंदा होता, पण शेजार नव्हता. सणासुदीला एकटं वाटायचं. म्हणून ओळखीपाळखीची माणसं आठवड्याला जमायला लागली. एकदा याच्या ऑफिसात, एकदा त्याच्या. आळीपाळीने, चक्राकार. त्यावरून नाव पडलं रोटरी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला या मंडळींच्या डोक्यात सेवा-बिवा काही नव्हतं. मैत्री आणि धंदा, एवढंच. प्रत्येक व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नाही. मग शिंप्याने वकिलाला काम द्यायचं, वकिलाने कोळसेवाल्याला. सभासदांनी एकमेकांना किती धंदा दिला याचा हिशेब ठेवायला चक्क एक पदाधिकारी नेमलेला होता! म्हणजे ‘हे लोक धंद्याच्या ओळखी करायला क्लबात जातात’ हा आपल्याकडचा आरोप काही नवा नाही. तो आरोप नव्हताच, तो क्लबाचा उद्देशच होता.

मग बदल कसा झाला? १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या एका पेटंट वकिलाला सभासद हो म्हणून आमंत्रण दिलं. तो नाही म्हणाला. फक्त स्वतःच्या फायद्यासाठी चालणारी संघटना टिकणार नाही, शहरासाठी काही करणार असाल तर येतो, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर शहराच्या हिताचं कलम उद्देशात आलं. एका माणसाने ‘नाही’ म्हटल्यामुळे क्लबाची दिशा बदलली. सभासद व्हायला निघालेल्यांनी ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी.

आणि या क्लबाने शहरासाठी केलेलं पहिलं काम कोणतं? शाळेची इमारत नाही, पुतळा नाही, बगीचा नाही. सार्वजनिक शौचालय. १९०७ मध्ये त्यांनी शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय असावं म्हणून हालचाल सुरू केली. शहरातल्या इतर संस्थांना बरोबर घेतलं, महापालिकेच्या मागे लागले, आणि दोनेक वर्षांत ते उभं राहिलं. जगभर पसरलेल्या एवढ्या मोठ्या संघटनेची सेवेची सुरुवात मुतारीपासून झाली. पदग्रहणाच्या भाषणात हे सहसा कुणी सांगत नाही.

आता त्याच सालात पुण्याला या. १२ जून १९०५. शिकागोच्या त्या बैठकीला चार महिनेही झाले नव्हते. फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तीन साथीदारांना बरोबर घेऊन भारत सेवक समाजाची स्थापना केली. द्रविड, देवधर आणि पटवर्धन हे ते तिघे. इथेही चारच माणसं. पण अटी बघा. सभासदाने आयुष्य द्यायचं. स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही. संस्था देईल त्या तुटपुंज्या मानधनात संसार करायचा. जातिधर्माचा भेद न करता देशाची सेवा करायची. आणि सुरुवातीची पाच वर्षं उमेदवारी, अभ्यास आणि देशभर प्रवास. आधी देश समजून घ्या, मग त्याची सेवा करा, असा गोखल्यांचा हिशेब.

चार माणसांच्या या दोन गटांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. शिकागोवाले म्हणत होते, आठवड्यातला एक तास द्या. पुण्याचे गोखले म्हणत होते, आयुष्य द्या. आपल्या गावातला सेवेचा सगळा घोळ या दोन मागण्यांच्या मधला आहे. तास देणाऱ्याकडे आपण आयुष्य देणाऱ्याच्या मापाने बघतो आणि मग तो आपल्याला ढोंगी वाटतो. मीही तेच केलं होतं.

या दोन्हींच्या मधला रस्ता दाखवणारा माणूस आपल्याच मातीतला. नारायण मल्हार जोशी. रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या गोरेगावचे. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या संस्थेत आले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. इथे आयुष्य द्यायची अट नव्हती. नोकरीधंदा सांभाळून फावला वेळ द्या, एवढीच मागणी. गिरणगावात कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, फिरती ग्रंथालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या. परळचा दामोदर हॉल माहीत आहे ना? ज्या रंगमंचावर गिरणी कामगारांनी नाटकं केली तो दामोदर. तो याच लीगचा.

पण जोशी तिथे थांबले नाहीत. रात्रशाळेत येणारा कामगार पुस्तक उघडताच डुलक्या का घेतो? कारण दिवसभर तो गिरणीत राबलेला असतो. पतपेढी काढली तरी कर्ज का फिटत नाही? कारण पगारच पुरत नाही. सेवा करता करता माणूस अशा प्रश्नांपाशी येऊन पोचतो. १९२० मध्ये देशातली पहिली मोठी कामगार संघटना, आयटक, उभी राहिली तेव्हा जोशी तिच्या संस्थापकांत होते आणि पुढे अनेक वर्षं सरचिटणीस. रात्रशाळेपासून सुरू झालेला रस्ता कामगाराच्या हक्कापर्यंत गेला. माझ्या मते खऱ्या सेवेची खूण हीच. ती तुम्हाला अवघड प्रश्नाकडे घेऊन जाते. जी सेवा वर्षानुवर्षं केळीच वाटत राहते, तिच्यात कुठेतरी डोळे मिटलेले असतात.

कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजी शिकलेल्यांचं. तसं नाही. १९०५ च्या कितीतरी आधी, १८७७ च्या दुष्काळात, जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढून उपाशी पोरांना जेवू घातलं होतं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगाने गेल्या, १० मार्चला. हडपसरजवळच्या सासण्यांच्या माळावर डॉक्टर यशवंतांचा दवाखाना होता, तिथे रोगी आणले जायचे. त्या सेवेची ना बातमी तयार केली गेली, ना फोटो. गाडगेबाबांचं तर सांगायलाच नको. गावात आल्यावर आधी झाडू, मग कीर्तन.

आणि आपल्या स्वयंसेवकांचा दुसरा चेहराही तितकाच जुना. १९०१ मध्ये कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. तिशीतले गांधी तिथे गेले होते. त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय, की स्वयंसेवकाला काम सांगितलं की तो दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. संडासांची अवस्था भयंकर. गांधींनी स्वयंसेवकांना दाखवलं तर ते म्हणाले, हे आमचं नाही, भंग्याचं काम. गांधींनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरती जागा साफ केली. पुढे १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभात त्यांच्या फिनिक्सच्या तुकडीने विष्ठेवर माती टाकायचं काम अंगावर घेतलं. म्हणजे आपल्याकडेही सेवेची परीक्षा शेवटी संडासापाशीच झाली. छातीवर बिल्ला लावायला सगळे तयार असतात, पण माती टाकायची वेळ आली की जातही आडवी येते आणि हुद्दाही.

बरं, मग हे क्लब आपल्याकडे आले कसे? रोटरी १९२० मध्ये कलकत्त्यात, १९२९ मध्ये मुंबईत. सुरुवातीला बराचसा साहेबांचा आणि बड्या व्यापाऱ्यांचा मामला. लायन्सची सुरुवातही शिकागोचीच, १९१७ मधली, मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकाची. ते १९५६ मध्ये मुंबईत आले. १९६२ मध्ये नीतीश लाहिरी रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. १९७२ मध्ये नाना चुडासमांनी मुंबईत जायंट्स काढली, म्हणजे बाहेरची शाखा नाही, इथेच जन्मलेली संघटना. आणि मग साखर कारखाने, कॉलेजं, खाजगी दवाखाने जसे तालुक्याला आले तसे क्लबही आले. सभासद कोण? डॉक्टर, वकील, सराफ, बिल्डर, खतांचा एजंट, विमावाला. गावातला शेतमजूर किंवा हमाल मी तरी सभासदांच्या यादीत पाहिलेला नाही. तो कायम लाभार्थी. कार्यक्रमात एक खुर्ची देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, आणि खुर्च्यांची अदलाबदल कधीच नाही. ही या क्लबांची मोठी उणीव, आणि ती प्रेमाने का होईना बोलायलाच हवी.

बायकांचंही तसंच. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या रोटरी क्लबाने तीन महिलांना सभासद करून घेतलं, तर वरून त्या क्लबाचीच मान्यता काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८७ मध्ये निकाल महिलांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभरच्या रोटरीचं दार उघडलं. लायन्सनेही १९८७ मध्येच महिलांना सभासदत्व दिलं. म्हणजे पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं, बायकांना नर्सिंग आणि शिक्षणाच्या वाटेवर आणलं, त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी या जागतिक क्लबांना बायका सेवा करू शकतात हे कळलं. असो.

उणिवा सांगितल्या, आता जमेची बाजू. तीही स्वतः पाहिलेली.

१९२५ मध्ये हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी काम हाती घ्या असं त्यांना आवाहन केलं. तेव्हापासून लायन्स म्हटलं की डोळे हे समीकरण झालं. १९३० मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावात एका लायन सभासदाने पाहिलं, की एका अंध माणसाला रस्ता ओलांडता येत नाहीये, कारण त्याची काळी काठी गाडीवाल्यांना दिसतच नाही. क्लबाने काठ्या पांढऱ्या रंगवल्या, मध्ये लाल पट्टा. पण नुसत्या काठ्या वाटून थांबले नाहीत. अशी काठी दिसली की गाडीवाल्याने त्या माणसाला आधी जाऊ द्यायचं, असा नियम त्यांनी नगरपालिकेकडून करून घेतला. रंगाचा एक डबा आणि एक ठराव, एवढंच भांडवल.

आपल्याकडे हे काम नेत्रशिबिरांच्या रूपाने आलं. मी तिसरी-चौथीत असताना आमच्या शाळेला आठवडाभर सुट्टी मिळाली होती, कारण वर्गांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. बाकं एका बाजूला रचलेली, जमिनीवर सतरंज्या, ओळीने झोपलेली म्हातारी माणसं, डोळ्यांवर पट्ट्या. आमची आजी त्या ओळीत होती. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. किराणा दुकानदार, ज्याच्याकडे आमची उधारी होती, तो आजीला चमच्याने पेज भरवत होता. पुढे जाड भिंगाचा चष्मा आला आणि आजीने कितीतरी महिन्यांनी स्वतः तांदूळ निवडले. त्या घरात वाढलेल्या माणसाने क्लबांवर खवचट लेख लिहावा, हे तसं बरोबर नव्हतं.

पण अशा शाळांतल्या शिबिरांत धोका होता. देशात ठिकठिकाणी जंतुसंसर्ग होऊन लोकांची दृष्टी गेल्याचे प्रकार घडले. मग पद्धत बदलली. शिबिरात फक्त तपासणी, आणि ऑपरेशन सुसज्ज दवाखान्यात. जाड चष्म्याच्या जागी डोळ्यात बसवायची भिंगं आली. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून होताच, नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. क्लबांचं काम काय उरलं? खेड्यातून म्हातारी माणसं गोळा करणं, गाडी करणं, दवाखान्यात नेऊन परत आणणं. फोटोत न येणारं काम. पण त्याच्याशिवाय वाडीवरची आजी जिल्ह्याला पोचत नाही.

पोलिओची गोष्ट तर याहून मोठी. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये मुलांना डोस द्यायला मदत केली, १९८५ मध्ये जगभरासाठी १२ कोटी डॉलर उभे करायचं ठरवलं, आणि १९८८ पर्यंत जमले २४ कोटी ७० लाख. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत पोलिओ होता आणि दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुलं लुळी होत होती.

आपल्याकडे १९९४ मध्ये २ ऑक्टोबरला दिल्लीत सुरुवात झाली आणि ९ डिसेंबर १९९५ ला देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस. मी दहावीत होतो. शाळेने आम्हा स्काउटच्या पोरांना बूथवर पाठवलं होतं. आमचा बूथ मारुतीच्या पारावर. नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई, बर्फाच्या पेटीत लशीच्या बाटल्या, आणि क्लबाने दिलेलं कापडी फलकाचं आणि टोप्यांचं गाठोडं. पहिल्या दोन तासांत फारसं कुणी आलंच नाही. मग तोच किराणा दुकानदार सायकल काढून गल्लीगल्लीत गेला आणि नावानिशी हाका मारून बाया-पोरांना घेऊन आला. त्याला कुणाच्या घरात किती लहान पोरं आहेत हे पाठ होतं, कारण दुधाची पावडर आणि बिस्किटं त्याच्याच दुकानातून जायची. सरकारकडे तेव्हा तेवढी अचूक यादी नसेल.

इथे मला स्वयंसेवकाचा खरा उपयोग कळला. लस सरकारची, पैसा अनेकांचा, तंत्र डॉक्टरांचं. पण ओळख गावकऱ्याची. पुढे घरोघरी जाणं सुरू झालं. डाव्या करंगळीवर शाई, दारावर खडूची खूण, राहिलेल्या घरी दुसऱ्या दिवशी परत जाणं. एका राष्ट्रीय फेरीत १७ कोटींच्या आसपास मुलं आणि डोस देणारे वीस लाखांहून जास्त लोक. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. आणि दोनच वर्षांत, १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालमधल्या हावड्यातली एक छोटी मुलगी ही शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ ला आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

याचं श्रेय एकट्या क्लबांना देणं चूक. सगळ्यात जास्त पायपीट अंगणवाडीच्या ताई, आशा आणि नर्सबाईंची. पण सरकार आणि क्लब एकमेकांची जागा न घेता एकत्र लागले तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आता शेवटची आठवण, २०२१ ची. एप्रिलमध्ये माझे काका आजारी पडले. दवाखान्यात बेड नाही, ऑक्सिजन खाली येतोय. रात्री अकराला मी सगळीकडे फोन लावले. क्लबाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची बँक सुरू केली होती, तो नंबर मीच पेपरात छापलेला. लाजत फोन केला. वीस मिनिटांत एक हार्डवेअरवाले शेठ स्कूटरवर मशीन बांधून आले. फळवाटपाच्या त्या फोटोत केळ्याला हात लावणारा तिसरा माणूस. मशीन लावून दिलं, वहीत सही घेतली, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. काका पाचव्या दिवशी गेले. मशीन परत करायला गेलो तेव्हा शेठनी ते पुसलं, वहीत नोंद केली आणि माझ्यासमोरच पुढच्या घरी फोन लावला. मी त्या जुन्या लेखाचा विषय काढला. ते म्हणाले, “अहो, तुमच्यामुळे आमच्यात लई भांडणं झाली. पण तेव्हापासून आम्ही फळवाटप बंद केलं आणि खर्चाचा हिशेब नोटीस बोर्डावर लावतो.” एवढंच. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जा. पण कार्टरसारखा जा. विचारून जा. तीन गोष्टी विचार. एक, कार्यक्रम झाल्यावर सहा महिन्यांनी तिथे कोण जातं? लावलेल्या झाडाला पाणी कोण घालतं? दोन, हिशेब कुठे लावलाय? तीन, ज्याच्यासाठी करताय त्याला विचारलंय का? तिन्हीची उत्तरं नीट मिळाली नाहीत तरी जा आणि तूच ती मिळवून दे. बाहेर उभं राहून हात मोजणं सोपं असतं, मी ते करून बसलोय.

आणि आता बाजाराचं. आपल्या आठवडी बाजारात खेड्यापाड्यातून भाजी घेऊन येणाऱ्या बाया पहाटे निघतात आणि दिवे लागेपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी एकही धड मुतारी नाही. ज्या दोन खोल्या आहेत त्यातल्या एकीला कुलूप आणि दुसरीला दार नाही. बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. एका भाजीवालीने मला सांगितलं, “भाऊ, पानी पिलं की पंचाईत. म्हनून तोंडसुदीक धुवत न्हाई.” मुतखडा, जळजळ, तापाच्या तक्रारी घेऊन या बाया त्याच डॉक्टरांकडे जातात, जे क्लबाचे सभासद आहेत. मुंबईत महिला संघटनांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणून हाच विषय लावून धरलाय. आपल्याकडे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या बांधणं, राखणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. ऐच्छिक नाही, बंधनकारक.

नव्या अध्यक्षांनी मला पदग्रहणाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय. मी त्यांना कळवलंय की शाल नको, श्रीफळ नको. त्याऐवजी येत्या बाजारच्या दिवशी क्लबाने सहा माणसं द्यावीत, त्यात निम्म्या बायका. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा आपण मोजायचं: विकायला बसलेल्या बाया किती, त्या कुठे जातात, किती लांब, किती जणी जातच नाहीत. विचारायचं त्यांनाच. मग तो कागद घेऊन नगरपरिषदेत जायचं, कायद्याचं कलम जोडून, आणि बांधून होईपर्यंत दर महिन्याला जायचं. क्लबाने स्वतःच्या पैशाने बांधून वर नावाची पाटी लावावी असं मी म्हणत नाहीये. पाटी लागते, पण पाणी आणि झाडू कोण देणार? ते नगरपरिषदेचं काम आणि ते तिच्याकडूनच करून घ्यायचं. शिकागोवाल्यांनी तेच केलं होतं.

अध्यक्षांनी ‘विचार करून सांगतो’ म्हटलंय. हार्डवेअरवाल्या शेठनी मात्र लगेच नाव दिलंय, वय सत्तरीला टेकलंय तरी. मोबाइलवाल्या पोराला मी सांगितलंय, सभासद होशील तेव्हा होशील, पण बाजारच्या दिवशी सकाळी सहाला पाण्याच्या टाकीजवळ ये. वही मी आणतो.

अजून चार नावं हवी आहेत. खाली लिहा.